पासोडी : आत्मज्ञानाची आणि उबेची

दासोपंतांच्या (१५५१–१६१५) वाङ्मयाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा ‘गीतार्णवा’च्या अफाट विस्तारावर खिळते. अंबाजोगाईस जतन केलेली त्यांची पासोडी मात्र एक नवल म्हणून पाहिली जाते. ग्रंथ म्हणून ती क्वचितच वाचली जाते. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा या कापडावर त्यांनी पंचीकरण हा वेदान्तातील अवघड विषय ओव्यांतून आणि आकृत्यांतून मांडला आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू व आकाश यांपासून देह कसा घडतो आणि ‘मी’ त्या देहाहून वेगळा कसा, हा तिचा आशय. शिष्याला केवळ न ऐकवता त्याच्या डोळ्यांपुढे आकृती ठेवावी, ही त्यांची अध्यापनदृष्टी. कलेच्या आधाराने मुलांना आत्मचिंतन शिकवावे, हा आजचा शिक्षणविचार बीड जिल्ह्याच्या मातीला परका नाही, तो यामुळेच.

तथापि या कृतीचे खरे वैशिष्ट्य तिच्या लांबीरुंदीत नाही. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचे जाडेभरडे पांघरूण. ‘मी देह नव्हे’ असे सांगणारे तत्त्वज्ञान देहाला ऊब देणाऱ्या वस्तूवर लिहिले गेले आहे! कवीचा हेतू काहीही असो, आशय देहाच्या पलीकडे नेतो आणि माध्यम देहाची काळजी वाहते. हा विरोध पासोडीचे वैगुण्य नसून तिचे सामर्थ्य आहे, असे माझे मत आहे.

मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नेकनूरच्या परिसरात हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. उचल कोयत्यावर मिळते आणि आजारपणाचा दिवसही खाडा म्हणून कापला जातो. २०१९ साली नेमलेल्या शासकीय समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अशा घरातल्या मुलाला आपण ‘देह नश्वर आहे’ हा पाठ कोणत्या तोंडाने शिकवावा? देहाची उपेक्षा तो जन्मापासून पाहतोच आहे. ‘मी देह नव्हे’ या वाक्याआधी त्याला एक वाक्य म्हणता आले पाहिजे : ‘मी कोयता नव्हे.’

म्हणून दासोपंतांची पद्धत घ्यावी आणि त्यांच्या निष्कर्षाची घाई करू नये. हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या मुलामुलींना जुन्या धडोत्यावर आपली आकृती काढू द्यावी. पाचट लागून हात कोठे कापला, आईची आठवण कोठे दाटते, कोणते काम आपल्याला उत्तम जमते, हे त्यांनी त्या आकृतीत स्वतःच्या शब्दांत लिहावे. शिक्षकाने गुण देऊ नयेत, शुद्धलेखन तपासू नये, फक्त वाचावे. जखम कागदावर किंवा कापडावर आली की ती लाज राहत नाही. ती धुण्याची, बांधण्याची, दवाखान्यात दाखवण्याची गोष्ट ठरते. स्वतःची काळजी घेण्याचा आरंभ येथून होतो.

स्वप्रेम हा शब्द आपल्या श्रद्धावंत घरांत अजूनही स्वार्थाच्या पंक्तीला बसवला जातो. परंतु प्रभू येशूने शेजारप्रेमाचे माप स्वतःवरील प्रेमावरूनच घ्यावयास सांगितले आहे. ते मापच फाटके असेल तर शेजाऱ्याच्या पदरात काय पडणार? चिंतनाच्या नावाखाली मुलांना केवळ स्वतःचे दोष मोजावयास लावणारी आपली जुनी सवय या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

पासोडीकडे काचेमागील वस्तू म्हणून पाहणाऱ्यांना तिची लांबी तेवढी दिसेल. आपल्या शाळांनी मात्र ती पांघरूण म्हणून उलगडावी, अशी अपेक्षा आहे.