काळोखातली लेकुरवाळी

१

समीक्षा लिहिणाऱ्याने आपण कोठे बसून पाहिले ते आधी सांगून टाकावे; म्हणजे वाचकाला त्याच्या मतांचे वजन करणे सोपे जाते. मी घोंगडीवर बसून पाहिले. १९७२ साली मुंबईला आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलेले दूरदर्शन आमच्या जुन्नर तालुक्यातल्या खेड्यात पोहोचायला आणखी दहा-बारा वर्षे लागली. गावात संच एकच. ज्यांच्या माजघरात तो होता त्यांच्या कौलांवर लोखंडी नळीला बांधलेली अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभी असे, आणि वारा सुटला की एखाद्या पोराला वर चढवून तिचे तोंड पुन्हा दक्षिणेकडे वळवावे लागे. रविवारी सकाळी त्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ‘स्टार ट्रेक’ नावाची अमेरिकन मालिका लागे. अमेरिकेत ती १९६६ ते १९६९ या काळात, एकूण ७९ भागांत दाखवली गेली होती. आमच्यापर्यंत ती आली तेव्हा तिचे वय आमच्यातल्या बहुतेक पोरांपेक्षा जास्त होते. पण आकाशातल्या गोष्टीला शिळेपणा लवकर येत नाही.

मालिका इंग्रजीत. इंग्रजी कळणारे गावात एकच, आमचे शाळेतले मास्तर. ते खुर्चीवर बसत आणि आम्ही खाली. मास्तर भाषांतर करीत नसत, निरूपण करीत. कर्कला ते ‘कप्तान’ म्हणत, मॅकॉयला ‘डॉक्टर’. स्पॉकचे नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून तो सगळ्या गावाचा ‘कानवाला’ झाला. पडद्यावर पाच मिनिटे संवाद चाले आणि मास्तर एका वाक्यात सांगत, “कप्तान म्हणतो, जावं, कानवाला म्हणतो, जाऊ नये.” पुढे ही मालिका मी पुरी समजून पाहिली, तेव्हा त्या वाक्यात तिचा निम्मा अर्क होता हे ध्यानात आले.

तिच्यातले दोष तेव्हाही दिसत. खडक हलके होते. त्यावर कोणी आपटला की ते थरथरत. परग्रहावरचे लोक, कपाळाचा नाहीतर कानांचा फरक सोडला, तर माणसेच असत आणि सफाईने इंग्रजी बोलत. तरी माजघर भरून जाई, आणि प्रत्येकाला आपापले काही सापडे. ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ या भागात केसाळ गोळ्यांसारखे जीव इतके वाढतात की धान्याच्या कोठाराचे दार उघडताच ते कप्तानाच्या डोक्यावर कोसळतात. त्यावर घरमालक म्हणाले, “कणगीत घुशी शिरल्या की असंच होतं. ह्यांनी आधी मांजर पाळायला पायजे होतं.” ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ मध्ये कप्तानाच्या डोळ्यांसमोर त्याची प्रिय स्त्री मोटारीखाली जाते आणि तो तिला वाचवीत नाही, वाचवू देतही नाही. तेव्हा मास्तर काही बोललेच नाहीत, आणि बायकांनी निरूपणावाचून डोळे पुसले. ‘अरीना’ या भागात कप्तान एका सरडतोंड्या योद्ध्याशी झुंजताना गंधक, कोळसा आणि सोरा जमवून बांबूची तोफ करतो. दिवाळी जवळ आली होती. मास्तरांनी गंधकापर्यंत सांगितले; पुढचे जिन्नस त्यांना नीट ऐकू आले नाहीत.

त्या भागाचा शेवट मात्र त्यांनी दोनदा सांगितला. जिंकलेला कप्तान शत्रूला मारीत नाही, कारण झगड्याचे मूळ त्याला उमगलेले असते. आपण ज्या जागेवर ठाणे बसवले ती जागा त्या सरडतोंड्याला आपली वाटत असणार. या भागाची पटकथा जीन कून यांची. फ्रेडरिक ब्राऊन यांच्या कथेवरून ती घेतलेली आहे. दोन महिन्यांच्या आत कून यांनी लिहिलेला आणखी एक भाग अमेरिकेत दाखवला गेला. मला ज्याविषयी लिहायचे आहे, तो हा दुसरा.

२

‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग ९ मार्च १९६७ चा. दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी. एका ग्रहाच्या पोटात खाण आहे. खालच्या नव्या थरात काम सुरू झाल्यापासून खाणकामगार एकामागून एक मरत आहेत. काळोखातून काहीतरी येते आणि माणसाला जाळून टाकते. पन्नासाच्या वर बळी गेले आहेत. कप्तान आणि त्याचे सोबती मदतीला येतात. तो प्राणी म्हणजे खडक खात, खडकातून वाट काढीत जाणारा, शिलेचाच एक जीव, हॉर्टा. आमच्या पडद्यावर तो जाड गोधडी अंगावर घेऊन कोणी रांगत असावे तसा दिसला. खरोखरच यानोश प्रोहास्का नावाचे नट आत शिरून रांगत होते, आणि तो पोशाख त्यांनी स्वतःच केला होता. आम्ही पोरे हसलो.

माझी आजी हसली नाही. ती दाराशी, उंबऱ्याला टेकून बसे. मालिकेपेक्षा तिला माणसांत बसणे आवडे. जखमी झालेला तो प्राणी कप्तानासमोर येऊन थबकतो, हल्ला करीत नाही, पळतही नाही, त्या क्षणी ती म्हणाली, “आरं, लेकुरवाळी हाय ती. उगंच कोण असं हटून बसतंय?”

मास्तरांनी मागे वळून पाहिले. पडद्यावर अजून कोणाला काही कळलेले नव्हते. मग कानवाल्याने त्या प्राण्याला हात लावला, त्याच्या मनाशी आपले मन जोडले आणि वेदनेने ओरडला. खाणकामगारांना खालच्या थरात गोल गोल दगड सापडत होते, शोभेची वस्तू म्हणून एक तर मुख्य अभियंत्याच्या मेजावरच ठेवलेला होता, आणि बाकीचे बेदरकारपणे फोडले जात होते. ती त्या प्राण्याची अंडी होती. पन्नास हजार वर्षांनी एकदा सगळी जात मरते आणि एकटी आई अंड्यांची राखण करायला मागे उरते. ती आई ही.

कला म्हणून पाहता या भागाची सारी ताकद त्या उलथापालथीत आहे. पहिली पंचवीस-तीस मिनिटे ही भयकथा आहे. प्रेक्षकाचे डोळे कामगारांचे डोळे झालेले असतात. काळोखात काय आहे याची त्याला धास्ती आहे आणि ते मरावे अशी इच्छा आहे. नंतर एकही नवा प्रसंग न घडता, घडून गेलेल्याच साऱ्या प्रसंगांचा अर्थ बदलतो. मेजावरचा दगड तोच, पण आता तो पाहवत नाही. जो शिकारी वाटला तो राखणदार निघाला, आणि जे त्राते वाटले त्यांच्याच हाताला रक्त आहे. गोधडीखाली रांगणारा नट या क्षणापासून नाहीसा होतो. माझ्या मते चांगल्या विज्ञानकथेची खूण हीच. यंत्र नवे असो वा जुने, जे आपल्याला कळत नाही त्याच्याशी ती कसे वागते, हे पाहावे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे हिंदीत ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली. ती आम्हांला निरूपणावाचून कळली. आम्ही तिच्यावर प्रेमही केले. पण तिच्यातला खलनायक झखाकू दुष्ट होता तो दुष्ट होता म्हणूनच. त्याला कोणी काही विचारले नाही, आणि आम्हांलाही विचारावेसे वाटले नाही.

३

पुढच्या काळात खुद्द आमच्याच तालुक्यात विज्ञानकथेचा पडदा उभा राहिला. नारायणगावाजवळच्या खोडदला प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून रेडिओ दुर्बीण झाली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ एका ठिकाणी जवळजवळ, आणि १६ तीन दिशांना फाटे फुटावेत तशा, सुमारे २५ किलोमीटरांच्या विस्तारात. तारांच्या जाळीच्या असल्यामुळे त्यांच्यातून वारा आरपार जातो. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या रानात त्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या ‘स्कियापारेली’ या युरोपीय यानाची क्षीण हाक खोडदला ऐकू आली, आणि उतरण्याच्या सुमारास ती थांबली, तेही येथेच कळले. यान आदळून फुटले होते. ‘स्टार ट्रेक’ पाहिलेल्या माणसाला यापरते काय हवे?

पण खरा अनोळखी जीव आमच्याकडे आकाशातून आला नाही. तो उसातून आला. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातले डिंभे. पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने आले. वर्ष-दीड वर्ष उभे राहणारे ते दाट हिरवे रान बिबट्याला जंगलासारखेच वाटले. माद्या उसात विऊ लागल्या. ऊसतोड सुरू झाली की कोयत्यापुढे अचानक डोळे न उघडलेली पिल्ले येतात. आंधळ्या पिल्लांना नव्या थरातले दगड म्हणा, की झाली ती गोष्ट आमची.

आणि माणसे मेली, मुले मेली. २००१ नंतरच्या काही वर्षांत पकडलेले बिबटे दूरच्या रानात नेऊन सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्या काळाचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, आणि या उपायाने माणसांवरचे हल्ले उलट वाढल्याचे त्यात दिसले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, काही आठवड्यांत तीन बळी गेले. त्यांत दोन मुले होती. लोकांनी मंचरला महामार्ग अडवला.

असल्याच एका हल्ल्यानंतर, काही वर्षांपूर्वी, आमच्या भागातल्या एका वाचनालयात बैठक झाली. माझ्या मनात हॉर्टा होती. मी ती गोष्ट सांगितली. चांगली सांगितली असावी, कारण तरुण पोरे गप्प झाली. मागे एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या घरातले मूल गेले होते, हे मला ठाऊक नव्हते. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या सिनेमात त्या जनावराची पिल्लं दिसली. मेलेल्यांच्या घरची माणसं दिसली का?”

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन मी तो भाग पुन्हा पाहिला, या वेळी केवळ त्या प्रश्नासाठी. नाही दिसली. पन्नास माणसे मेली आणि कोणाच्या घरी पत्र गेले नाही, कोणाची आई रडली नाही. त्याहून एक गोष्ट ध्यानात आली, ती इतक्या वर्षांत मला दिसली नव्हती. त्या सबंध भागात एकही स्त्री बोलत नाही. आईची एवढी मोठी गोष्ट, आणि तिच्यात बोलते ती फक्त हॉर्टा. तीही स्पॉकच्या तोंडून.

४

या प्रश्नाच्या उजेडात शेवट पाहिला की त्याचे पितळ दिसू लागते. अंड्यांतून पिल्ले बाहेर येतात. ती खडक पोखरणार, कामगार मागून जाऊन धातू वेचणार, आणि दोघांचेही भले होणार. कालपर्यंत हातात सोटे घेऊन धावणारे कामगार नफ्याचा हिशेब मांडून हसतात. पन्नास मृत्यू पाच मिनिटांत फिटले. दोघांच्या सोयीची वाट निघाली म्हणून सलोखा झाला. ती निघाली नसती तर? हॉर्टाला खोदता येत नसते, ती केवळ आई असती, तर कप्तानाने काय केले असते? ‘स्टार ट्रेक’ हा प्रश्न स्वतःला विचारीत नाही. बिबट्या कोणाच्या शेतात नांगर धरणार नाही. त्याचा आम्हांला उपयोग नाही, आणि तरी तो आहे. शिवाय त्याच्या मनात हात घालणारा कानवाला आमच्याकडे नाही.

याचा अर्थ तो भाग खोटा ठरतो असे मी म्हणणार नाही. १९६७ साली, एका तासाच्या करमणुकीत, राक्षसाला ‘तुझे काय दुखते?’ असे विचारण्याचे धाडस त्याने केले, आणि पुढे ज्यांनी ज्यांनी तो पाहिला त्यांच्या मनात तो प्रश्न पेरला. माझ्या मनात तो तेथूनच आला. पण एका आईला वाचा देताना त्याने दुसऱ्या आयांना गप्प बसवले. दयेचा हा सोपा प्रकार आहे, आणि दूर राहणाऱ्याला तो नेहमीच परवडतो. मीही त्या बैठकीत तेच करीत होतो.

मराठी विज्ञानकथेचा संसार असल्याच दिवाळी अंकांतून उभा राहिला. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, म्हणजे ‘स्टार ट्रेक’च्याच वयाची. १९७४ साली परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून जयंत नारळीकरांनी या वाटेवर पाऊल टाकले. त्या वाटेवर कृष्णविवरे आली, यंत्रमानव आले, परग्रहावरचे पाहुणे आले. खोडदची अँटेना आणि तिच्या सावलीतला ऊस एका कथेत आणणारा लेखक मात्र मला अजून वाचायचा आहे. त्याने कून यांच्याकडून ती उलथापालथ घ्यावी; शेवट घेऊ नये. त्याच्या कथेत दोन्ही आयांना बोलता आले पाहिजे, आणि तहाची अट सोयीची असता कामा नये.

तोवर आमच्याकडे जे घडते ते सांगतो. तोडीत पिल्ले सापडली की वनखात्याची माणसे आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर येतात. पिल्ले तपासतात आणि अंधार पडताना, सापडली त्याच सरीत, खोक्यात ठेवतात. दूर गाडीत दिवे मालवून बसतात. शेताचा मालकही पुष्कळदा तेथे असतो, आणि त्याची स्वतःची पोरे घरात कडी लावून बसलेली असतात. रात्री केव्हातरी उसाची पाने वाजतात. सकाळी खोके रिकामे असते.

आजी असती तर तिला यात सांगण्यासारखे काही वाटले नसते. पोरांना घेऊन गेली, एवढेच ती म्हणाली असती. आणि मग उठून दाराची कडी नीट लागली आहे की नाही, हे पाहून आली असती.