कलम 44 मध्ये गोंडी कुठे आहे?

बाल न्याय कायदा, 2015 चे कलम 44 प्रतिपालनाचे, म्हणजे फॉस्टर केअरचे. पोरके झालेले मूल ज्या कुटुंबात ठेवायचे, त्याची योग्यता, इच्छा, कुवत आणि मुले सांभाळण्याचा अनुभव पाहावा, असे ते सांगते. भावंडे शक्यतो एकत्र ठेवावीत, हेही सांगते. भाषेचा, जमातीचा उल्लेख नाही. आणि 2011 च्या जनगणनेत छत्तीसगडची 30.6 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे.

कलम 3 मध्ये जात, वांशिकता, जन्मस्थान यांवरून भेदभावास मनाई आहे, हे खरे. पण ती मनाई हिणवणाऱ्याला अडवते, ‘चांगले वळण लावतो’ म्हणणाऱ्याला नाही. समजा, बस्तरचे गोंडी बोलणारे मूल रायपूरच्या हिंदी भाषक घरात आले. बुधवारी जन्मला म्हणून ठेवलेले बुधराम हे नाव त्यांनी बदलले, गोंडी बोलला की ‘जंगली’ म्हणून दटावले. दरमहाच्या तपासणीत हे घर उत्तीर्ण होऊ शकते, कारण शाळा, औषध, जेवण सगळे जागच्या जागी. (अभियांत्रिकीत आम्ही पहिल्या वर्षीच सांगतो: जे मोजायचे ठरलेच नाही, ते तपासणीत सापडत नाही.)

उलट मातीच्या घरातली काकू ‘कुवती’तच नापास होण्याची भीती. अमेरिकेच्या 1978 च्या इंडियन चाइल्ड वेल्फेअर कायद्याने नेमके हेच हेरले. आधी नातलग, मग जमातीने मान्य केलेले घर, असा क्रम त्याने लावला. शिवाय घर पारखायचे ते त्या समाजाच्या रूढ मापाने. तोवर तिथे अनेक राज्यांत आदिवासी मुलांपैकी 25 ते 35 टक्के मुले घरापासून तोडली गेली होती. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा कायम ठेवला.

आपल्याकडची विसंगती अशी की कलम 3 मुलाला पूर्वीच्या सांस्कृतिक स्थितीत परत नेण्याचा हक्क देते. परतताना संस्कृती आठवते, पाठवताना नाही! मार्गदर्शक सूचनांत ही उणीव भरता येते, पण सूचना बदलतात. 2016 च्या 2024 मध्ये बदलल्याच.

1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. कलम 44 मध्ये मात्र तिला विचारण्याची तरतूद नाही. तिचा शब्द अंतिम मानावा, असे माझे म्हणणे नाही. आईला टोनही, म्हणजे चेटकीण ठरवून ज्या गावाने छळले, त्याच गावावर तिचे मूल कसे सोपवायचे? निर्णय बाल कल्याण समितीचाच राहावा. पण ग्रामसभेला लेखी विचारावे, आणि तिने सुचवलेले घर नाकारले तर कारण नोंदवावे.