कान्होपात्रेची शरणागती

शरण जाणे म्हणजे हात टेकणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. देवापुढे जो नमला, तो जगापुढेही नमता राहणार, असे आपण गृहीत धरतो. पंधराव्या शतकातील मंगळवेढ्याच्या संत कान्होपात्रेचे मोजके अभंग या समजुतीला धक्का देतात, असे आम्हांस वाटते.

शामा नामक गणिकेची ही कन्या. महिपतीच्या 'भक्तविजय' (१७६२) या ग्रंथात तिची कथा आली आहे. बेदरच्या बादशहाचे शिपाई तिला न्यावयास आले, तेव्हा तिने विठ्ठलाच्या दर्शनापुरती सवड मागितली आणि त्याच्या चरणीच देह ठेवला, असे परंपरा सांगते. पंढरपूरच्या देवळात तिच्या नावाचे तरटीचे झाड भाविक दाखवितात. १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने ना. वि. कुलकर्णी यांचे 'संगीत कान्होपात्रा' रंगभूमीवर आणले. त्यातील गायनाच्या गोडव्याने तिची आर्तता रसिकांच्या मनात घर करून राहिली. तिचा नकार मात्र ऐकायचा राहून गेला.

तिचा सर्वपरिचित अभंग पाहावा. वाघाने धरलेल्या पाडसाशी ती स्वतःची तुलना करते. त्रिभुवनात दुसरा थारा नाही, असे सांगते. पण स्वतःचे पुण्य ती मोजून दाखवीत नाही, नवसही बोलत नाही. उलट, आता अधिक कसोटी पाहू नकोस, असे देवाला हक्काने बजावते. शेवटी ती प्राणांची भीक मागत नाही, त्याच्या हृदयात जागा मागते. जिने सर्वस्व एकदाच वाहून टाकले, तिच्यापाशी बादशहाने मागावे असे काही उरतच नाही. विठ्ठलाला दिलेला होकार हाच राजसत्तेला दिलेला नकार ठरतो.

म्हणून तिच्या मरणाचे कौतुक करावे, असे आम्ही म्हणणार नाही. गणिकेच्या लेकीला देवळाबाहेर कुठेच आसरा नव्हता, हा त्या अभंगात दडलेला समाजावरील आरोप आहे.

प्रेमाने व विश्वासाने ईश्वराकडे धाव घेण्याच्या हिंदू साधनेचा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात आदराने उल्लेख केला आहे. मिस्सेत स्तोत्रकर्त्याचा आक्रोश ऐकणाऱ्या आपल्या कानांना कान्होपात्रेचा स्वर परका वाटू नये. मात्र तो ऐकल्यावर एक प्रश्न टाळता येत नाही. अशी एखादी लेक आज आपल्या दाराशी आली, तर तिला देवळापर्यंत धावावे लागेल, की उंबरठ्याच्या आत घेणारे कोणी असेल?