लिंकनने न लिहिलेले पत्र

मुलाच्या मुख्याध्यापकांना अब्राहम लिंकनने लिहिलेले म्हणून जे पत्र आपण जाणतो, ते वसंत बापटांच्या रसाळ रूपांतरामुळे मराठी मनात रुजले. परंतु १९५३ ते १९५५ या काळात प्रसिद्ध झालेल्या लिंकनच्या संकलित वाङ्मयात ते नाही. बापटांच्या शब्दकळेचे मोल त्याने उणावत नाही. आक्षेप आहे तो त्याखालील नावाला. या सौम्य उपदेशाआड १८६३ साली दास्यमुक्तीचा जाहीरनामा काढणारा राष्ट्राध्यक्ष झाकला जातो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. लिंकनच्या वारशाशी मराठीचे खरे नाते तेथे आहे. आपल्या ग्वाल्हेरच्या घरांत हे पत्र खुशाल वाचले जावो. श्रेय मात्र बापटांचे असावे.