हुकूम मोडणारे कुठे गेले?

माझा मावसभाऊ सैन्यभरतीची तयारी करतोय. मागच्या सुट्टीत आम्ही दोघांनी एकाच मोबाइलवर 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' पाहिला. एडवर्ड बर्गर या दिग्दर्शकाचा २०२२चा जर्मन सिनेमा, चार ऑस्कर मिळालेला. शेवटी युद्धबंदीला पंधरा मिनिटं उरलेली असताना एक जनरल दमलेल्या सैनिकांना हल्ल्याला पाठवतो. मी वैतागून म्हणालो, "अरे, पण हे जातातच कशाला?" भाऊ शांतपणे म्हणाला, "ऑर्डर आहे म्हटल्यावर जाणारच ना." मला तेव्हा काही बोलता आलं नाही. हा लेख म्हणजे उशिरा सुचलेलं उत्तर आहे. त्यात सिनेमाचा शेवट येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. सिनेमाची सुरुवात एका गणवेशापासून होते. मेलेल्या सैनिकाच्या अंगावरून तो उतरवतात, रक्त धुतात, भोकं शिवतात आणि नव्याने भरती झालेल्या पॉल बॉयमरच्या हातात ठेवतात. आत आधीच्याचं नाव तसंच असतं. मूळ कादंबरीत हे नाही. तिथे बूट एका मेलेल्याकडून दुसऱ्याकडे जात राहतात. बर्गरने ती कल्पना आणखी पुढे नेली. संगीतही अंगावर काटा आणतं. मध्येच घुमणारे तीन भारदस्त सूर संगीतकाराच्या पणजीच्या जुन्या हार्मोनियमवरचे आहेत, हे कळल्यावर मला आपल्या पेटीकडे बघायची भीती वाटली.

अडचण शेवटाची आहे.

एरिख मारिया रेमार्कची कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपात आली. तिच्या जर्मन नावाचा अर्थ 'पश्चिमेकडे नवीन काही नाही' असा होतो. कादंबरीत पॉल ऑक्टोबर १९१८मध्ये मरतो, आघाडीवर इतकी शांतता असलेल्या दिवशी की त्या दिवसाच्या लष्करी अहवालात हेच एक वाक्य येतं. पोरगा गेला आणि कागदावर 'नवीन काही नाही'. एवढ्यात रेमार्क संपूर्ण युद्ध सांगून जातो. सिनेमात मात्र पॉल ११ नोव्हेंबरला, अकराच्या ठोक्याआधी काही क्षण, जनरलच्या हल्ल्यात मरतो. घड्याळ, धावपळ, संगीत, सगळं जमून येतं. मृत्यूची बातमी होते, आणि पुस्तकाचं म्हणणं तर बरोबर उलटं होतं.

पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. हा जनरल आणि त्याचा तो हल्ला काल्पनिक आहेत. त्या सकाळी शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे सरकत होत्या त्या मुख्यतः दोस्तराष्ट्रांच्या, विशेषतः अमेरिकेच्या तुकड्या. हेन्री गुंथर हा अमेरिकन सैनिक १० वाजून ५९ मिनिटांनी मारला गेला. जर्मनीत मात्र शेवटच्या निरर्थक हल्ल्याचा हुकूम खरोखर निघाला होता. तो नौदलाचा होता आणि तो पाळला गेला नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस बल्गेरियाने शस्त्रं ठेवली. ऑक्टोबर संपता संपता ऑटोमन तुर्कस्तान गेला, ३ नोव्हेंबरला ऑस्ट्रिया-हंगेरी. ज्या युतीच्या जोरावर युद्ध चाललं होतं ती उसवत होती आणि जर्मन सरकार तहाची बोलणी करत होतं. तरी नौदलाच्या वरिष्ठांनी ब्रिटिश आरमाराशी अखेरची झुंज द्यायची ठरवली. २९ ऑक्टोबरच्या रात्री विल्हेल्म्सहाफेनजवळ नाविकांनी नकार दिला. भट्टीवाल्यांनी बॉयलरची आग विझवली. वाफ नाही तर जहाज नाही, जहाज नाही तर लढाई नाही. शेकडो जणांना अटक झाली. त्यांना सोडा म्हणत ३ नोव्हेंबरला कील शहरात मोर्चा निघाला, त्यावर गोळीबार झाला आणि माणसं मेली. दुसऱ्या दिवशी शहर सैनिक-कामगारांच्या समितीच्या हातात होतं. ९ नोव्हेंबरला हे लोण बर्लिनमध्ये पोचलं आणि कैसरची सत्ता गेली.

नाविकांनी युद्ध थांबवलं असं मी म्हणत नाही. पराभव आधीच ठरला होता. पण हजारोंना बुडवणारी एक लढाई त्यांनी होऊ दिली नाही. सिनेमात कैसर गेल्याची बातमी येते, ती कोणामुळे आली हे मात्र येत नाही. कोणी कुरबुर केलीच तर ती तिथेच चिरडली जाते.

कोणी म्हणेल, कादंबरीतही कील नाही. बरोबर, कारण पॉल त्याआधीच मरतो. पण बर्गर स्वतः कादंबरी सोडून नोव्हेंबरात शिरला. पॉल सुट्टीवर घरी जातो, आजारी आईजवळ बसतो, गावातली शहाणी माणसं त्याला युद्ध कसं जिंकायचं ते शिकवतात, हा पुस्तकाचा गाभा त्याने गाळला. त्याऐवजी कोंपिएन्यच्या रेल्वे डब्यात तहावर सही करणारा माथियास एर्त्सबेर्गर आणला. या सहीची किंमत त्याने १९२१ साली जीव देऊन चुकवली. 'सैन्य हरलंच नव्हतं, घरच्यांनी पाठीत सुरा खुपसला' ही थाप तेव्हा जोरात होती, आणि सुरा खुपसणारे म्हणून त्याच्याबरोबर बोट दाखवलं जाई ते या क्रांतीकडे, या नाविकांकडे. डब्यातली सही दाखवायची आणि विझवलेल्या भट्ट्या वगळायच्या, तर गोष्ट अर्धीच राहते.

ही अर्धी गोष्ट सोयीची आहे. वर क्रूर जनरल, खाली बिचारी पोरं. आपण हळहळतो आणि पुढचं काहीतरी लावतो. हुकूम मोडणारी माणसं दिसली असती तर हळहळून भागलं नसतं, आपण काय केलं असतं असं विचारावं लागलं असतं.

कीलची गोष्ट मी भावाला फोनवर सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या भट्टीवाल्यांवर सिनेमा आहे का? असला तर पाठव."