आवाजाचे सोवळे

ध्वनिमुद्रित आवाजातील खर्जाकडचा, मधला आणि वरचा भाग वेगवेगळा कमीजास्त करण्याच्या प्रक्रियेला 'इक्वलायझेशन' म्हणतात. शब्दाचा अर्थ समान करणे. तो टेलिफोनच्या तारांवरून आला. लांबच्या तारेत आवाजाचा काही अंश गळून पडे. तो भरून काढून बोलणाऱ्याचा आवाज पलीकडे होता तसा पोचवणे, हे त्याचे मूळ काम. आज त्याच नावाखाली आवाज 'साफ' केला जातो. भरपाईचे साधन सोवळ्याचे साधन कसे झाले, हा प्रश्न आपल्या समीक्षेने विचारला पाहिजे. कारण आपली भीमगीते आणि शाहिरी आज लोकांपर्यंत मोठ्या प्रमाणात ध्वनिमुद्रणातूनच पोचते.

आमच्या विद्यार्थ्यांनी एका लहान स्टुडिओत गाणे मुद्रित केले, तेव्हा मी सोबत होतो. गाणाऱ्या पोराचा गळा वस्तीतल्या जयंतीत कमावलेला. मिश्रण करणारा तरुण मनाने सरळ होता. म्हणाला, "सर, आवाज गावठी वाटतो, थोडा साफ करतो." त्याने 300 हर्ट्झच्या आसपासचा भाग खाली ओढला आणि 3000 च्या आसपासचा वर चढवला. गाणे पुन्हा वाजले तेव्हा छाती गेली होती, नुसता गळा उरला होता. मग तोच म्हणाला, "बघा, आवाजच मुळात कर्कश आहे."

हा दोष कुणाचा? 200 ते 400 हर्ट्झमधला भाग 'गढूळ' म्हणून कापायचा, हा नियम मायक्रोफोनला ओठ लावून हळू गाणाऱ्यांसाठी सोयीचा आहे. अनेक मायक्रोफोन इतक्या जवळून खालचे स्वर फुगवतात. तो फुगवटा कापणे योग्यच. पण शाहीर दोन हात लांब उभा राहून उंच पट्टीत गातो. त्याचा मूळ स्वरच 300 ते 400 हर्ट्झपर्यंत चढतो. तेथे गढूळ काही नसते. तेथे तो स्वतः असतो. उलट खुल्या गळ्याच्या गाण्यात 2000 ते 4000 हर्ट्झचा जोर आधीच भरपूर असतो, आणि माणसाचा कान नेमका तेथेच सर्वात तीक्ष्ण. तेथे आणखी चढवले की आवाज बोचणारच. म्हणजे आधी दोष निर्माण करायचा आणि मग तो गाणाऱ्याच्या माथी मारायचा. ही रीत आपल्याला नवी नाही.

1972 साली 'गोलपिठा' आला, तेव्हा त्याच्या भाषेने शिष्ट अभिरुची हादरली. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' या कोटींची चिकित्सा आपण भाषेत केली; आवाजात मात्र त्या निमूट स्वीकारल्या. यंत्राची बटणे तटस्थ असतात. 'साफ' कशाला म्हणायचे हे ठरवणारा कान तटस्थ नसतो. तो कान चित्रपटगीतांच्या गुळगुळीत आवाजावर पोसलेला आहे.

परंतु याचे उत्तर 'काहीच कापू नका' हे नव्हे. आपल्यातलेच काही जण खरखरीत, अस्पष्ट मुद्रणालाच अस्सल दलित आवाज मानतात. ही शोभेची दृष्टी झाली. ती आपल्याला पुन्हा वस्तुसंग्रहालयात नेऊन बसवते. 1930 च्या दशकातील आंबेडकरी जलसे प्रबोधनासाठी उभे राहिले. तेथे शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचणे हीच कसोटी होती. तीच आजही लावावी. शब्दाचे वजन स्वरांत असते, पण शब्द ओळखू येतो तो बराचसा व्यंजनांमुळे, आणि अनेक व्यंजनांची धार 2000 हर्ट्झच्या वर असते. ढोलकीची थाप, हलगी आणि सिंथेसायझर तेथेच गर्दी करतात. मग गळा का तासायचा? वाद्यांना त्या पट्टीत थोडे खाली आणा, शब्दाला जागा करून द्या. 'स', 'श' फारच टोचत असतील तर तेवढेच नरम करा.

त्या दिवशी आम्ही तेच करायला लावले. गळा होता तसा ठेवला, सिंथेसायझर कापला. पोराने ऐकले आणि म्हणाला, "हा मी आहे."

समतेचे नाव धारण करणाऱ्या प्रक्रियेकडून आपली मागणी यापेक्षा मोठी नाही. आवाजाला सभ्य करू नका. त्याच्या वाटेत उभे असलेले बाजूला करा.