'बुशिदो' आणि योधाजीव सुत्त

इनाझो नितोबे यांचा 'बुशिदो' (१९००) हा इंग्रजी ग्रंथ सामुराई योद्ध्याच्या मृत्यूविषयीच्या निर्विकारतेचे श्रेय बौद्ध धम्मास देतो. आम्हांस हे मान्य नाही. संयुत्त निकायातील योधाजीव सुत्तात एक योद्धा विचारतो : रणात मारला जाणारा देवलोकी जातो, हे आचार्यांचे म्हणणे खरे काय? (गीतेनेही क्षत्रियास हेच आश्वासन दिले आहे.) तथागत दोनदा उत्तर टाळतात, तिसऱ्यांदा सांगतात की, परहत्येच्या इच्छेने लढताना मेलेल्यास नरकच. योद्धा रडतो, पण उत्तरामुळे नव्हे, आचार्यांनी दीर्घकाळ फसविले म्हणून!

शिवाय तोकुगावा काळात सामुराईपद जन्मानेच मिळे. आणि त्या योद्ध्याच्या चिलखताचे चामडे कमावणारे 'एता' लोक १८७१ च्या शासकीय आदेशापर्यंत कायद्यानेच बहिष्कृत होते.